बांधून दिलेली लूट

सरकार पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सैराकान दुकान उघडायला निघाली. उघडण्यासारखं काही उरलं नसणार हे तिला आतून ठाऊक होतं, तरी किल्ल्यांचा जुडगा तिने पिशवीत टाकला. चौदा वर्षं रोज टाकायची, म्हणून टाकला.

बस नव्हती, टॅक्सी नव्हती. जर्दाळूची झाडं फुलली होती आणि हवेत जळक्या रबराचा वास होता. चौकातले सिग्नल कुणीच नसताना लाल व्हायचे, हिरवे व्हायचे. एक म्हातारा डोक्यावर सोफ्याची गादी घेऊन समोरून आला आणि त्याने गादीखालून तिला अदबीने सलाम केला. तिनेही केला. पुढे एक बाई बाळाच्या गाडीतून टीव्ही नेत होती, आणि बाळ तिच्या पाठीला बांधलेलं होतं. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. बिश्केक शहर इतकं शांत सैराकानने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. आपण अजून झोपेत आहोत आणि मजेत चाललो आहोत, असं तिला वाटत राहिलं.

तिचं दुकान ओश बाजाराच्या मागच्या गल्लीत. चिनी मातीची भांडी, चहादाण्या, बिनकानाचे पियाले, पाहुण्यांपुढे ठेवायच्या मोठ्या परातीसारख्या थाळ्या. आदल्या संध्याकाळी तिने दारावर पांढरं फडकं टांगलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही जनतेसोबत आहोत'. सगळ्याच दुकानदारांनी लिहिलं होतं. पाच वर्षांपूर्वी पहिलं सरकार पडलं तेव्हापासूनची ही रीत. शेजारच्या चांभाराचं फडकं जनतेने मानलं. सैराकानचं फडकं बहुधा आमंत्रण म्हणून वाचलं, कारण दाराची काच फुटलेली होती आणि जनता आत होती.

पंधरा-वीस माणसं असतील. कोवळं ऊन फळ्यांवर पडलं होतं आणि त्या उन्हात माणसं सावकाश फिरत होती. एकेक पियाला उचलायची, कडेवर नखाने टिचकी मारायची, कानाशी धरून नाद ऐकायची. बद्द वाजला तर परत ठेवायची. चोरीचा माल, पण पारखून घेतलेला बरा!

रुमाल बांधलेल्या एका म्हातारीने तिला विचारलं, "काय गं, याच्या जोडीचा दुसरा आहे का?"

"तो नका घेऊ, आजी. बारीक तडा गेलाय त्याला," सैराकान म्हणाली. "खालच्या फळीवर बघा, तिथे नवे आहेत."

हे आपण बोललो, हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. तोवर ती गल्ल्यामागे जाऊन उभी राहिलीही होती. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. म्हातारीने सहा पियाले पुढे केले. सैराकानने एकेक कागदात गुंडाळला, मध्ये चुरगळलेले बोळे घातले, सगळ्यांचं पुडकं दोरीने बांधलं आणि वर बोट अडकवायला फासा ठेवला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सैराकानची तर दुकान मेल्यावरही गेली नाही.

म्हातारीमागे दुसरी बाई उभी राहिली, तिच्यामागे तिसरा. पाच मिनिटांत रांग लागली. माणसांचं बोलणं सुधारलं. एकाने मध्ये घुसायला पाहिलं तर मागून आवाज आला, "ओ पैलवान, रांग दिसत नाही का? कुठल्या जंगलातून आलात?" तो ओशाळून शेवटी जाऊन उभा राहिला.

काठ्या घेतलेली चार-पाच पोरं दारात आली. ती गल्ली गल्ली फिरून पोलीस शोधत होती. कपडे बदलून पळालेले पोलीस. त्यांनी आत डोकावून पाहिलं, रांग पाहिली, दोरीची गाठ मारणारी सैराकान पाहिली.

"काय एजे, आज सेल लावलाय का?" एक जण म्हणाला. एजे म्हणजे थोरली बहीण, तिकडे सगळ्याच बायकांना म्हणतात. पोरं हसली आणि पुढे गेली.

त्या वेळी रांगेत पुढे एक पस्तिशीचा माणूस होता. अंगात कुणाचा तरी निळा ट्रॅकसूट, पँट घोट्याच्या वर चढलेली. पायात मात्र काळे, पॉलिश केलेले बूट. दोन्ही हातांत त्याने एक चहादाणी धरली होती, निळ्यावर पांढरं कापसाचं बोंड काढलेली, आणि तिचं झाकण थडथड वाजत होतं.

"नुसतीच चहादाणी?" सैराकान म्हणाली. "पियाले नकोत? बायको विचारेल, चहा काय तळहातावर ओतू?"

त्याने मान वर केली. क्षणभर तिच्याकडे, मग तिच्या डोक्यावर भिंतीकडे पाहिलं. तिने आपल्याच मनाने दोन पियाले घेतले, चहादाणीसोबत बांधले, पुडकं त्याच्या हातात दिलं.

"रहमत, एजे," एवढे आभार मानून तो बाहेर गेला.

नऊच्या सुमाराला फळ्या रिकाम्या झाल्या. सैराकानने काचा झाडून काढल्या, सुपलीत भरल्या, आणि दोरी कापायची कात्री खिळ्याला अडकवली. मग रिकाम्या खोक्यावर ती दुपारपर्यंत बसून राहिली. आपल्याला लुटलं, हे तिला तेव्हा कळलं.

विम्याची सर्व्हेअर ल्युदमिला अर्काद्येव्हना आठवड्याने आली. ही साठीची रशियन बाई. कंपनीने पॉलिसी दिली तेव्हा हिनेच हट्टाने भिंतीत कॅमेरा बसवायला लावला होता. त्याचं यंत्र गल्ल्याखाली वर्तमानपत्रांमागे होतं, म्हणून वाचलं. दोघी खोक्यांवर बसल्या आणि छोट्या पडद्यावर सगळं पाहू लागल्या. आवाज नव्हता. राखाडी माणसं, राखाडी ऊन. सैराकानला ते सुंदर वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

ल्युदमिलाने चित्र थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं.

"अगं सैरा," ती म्हणाली, "तू हे काय करतेयस?"

"बांधून देतेय."

"ते दिसतंय मला! का बांधून देतेयस?"

"उघडे नेले असते तर वाटेत फुटले असते."

ल्युदमिलाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बावीस वर्षं मी हे काम करतेय. लोक स्वतःच्या हाताने गोदाम पेटवतात, तेही पाहिलंय. पण चोराला पुडक्याला फासा करून देणारी तूच पहिली!"

मग तिने कागद काढले आणि समजावून सांगितलं. दंगल, जमावाचा उपद्रव, सत्तापालट हे पॉलिसीत बसत नाही. आग बसते, पूर बसतो, गारा बसतात, चोरी बसते.

"मी दंगलीला घाबरूनच विमा काढला होता ना गं?" सैराकान म्हणाली.

"सगळ्यांनी तसाच काढला. म्हणून तर कंपनीने दंगल वगळली." ल्युदमिलाने कागद बाजूला सारले. "ऐक. पोलिसांनी शहरातली सगळी दुकानं एका जाडजूड फायलीत घातलीत, 'सामूहिक दंगल' म्हणून. त्या फायलीत तू गेलीस की मेलीस. पण एक तरी माणूस ओळखू आला, त्याच्यावर चोरीचा वेगळा गुन्हा नोंदला, तर मी तुझे कागद चोरीत बसवते. एक माणूस पुरे. जमाव म्हणजे कुणीच नाही, सैरा. कुणीच नसलेल्याने नेलेल्या मालाचे पैसे कंपनी देत नाही."

"आणि हे बांधून दिलेलं?"

"तू भेदरलेली होतीस, भानावर नव्हतीस, असं मी लिहीन. पण माणूस हवा."

पडद्यावरच्या माणसांच्या टोप्या, रुमाल, पाठी दिसत होत्या. चेहरा सबंध रेकॉर्डिंगमध्ये एकच स्वच्छ होता, ट्रॅकसूटवाल्याचा. त्याने भिंतीकडे मान वर केली होती, ती नेमकी कॅमेऱ्यात. ल्युदमिलाने त्यावर बोट ठेवलं.

"हा तुझं दुकान आहे, सैरा. याला शोध."

पोलिसांचं बोलावणं यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात वसंत पुरता आला. सैराकान रोज दुपारी उगाच गल्ल्यांतून हिंडायची. खिडक्या उघड्या असायच्या आणि आतून चहाची भांडी वाजायची. तिला तिचे पियाले आवाजावरून ओळखू यायचे. हा पातळ, ताश्कंदहून आलेला. हा चिनी, जाड बुडाचा. ती भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि कुणाच्या घरात कोण चहा ओततंय, कोणाला पहिला पियाला मिळाला, हे मनात रंगवायची. चौदा वर्षांत विकून जेवढी भांडी तिने शहरात पेरली नव्हती तेवढी एका सकाळीत पेरली गेली होती. राग यायला हवा होता. तो काही केल्या येत नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

मॉस्कोहून धाकट्या बहिणीचा फोन यायचा. ती तिथे एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होती.

"कशाला त्या रिकाम्या फळ्या पुसत बसलीस? इकडे ये. भांडी घासायला माणसं हवीयत."

"मी भांडी विकते, घासत नाही."

"विकतेस? काय विकतेस आता, वारा?"

फोन ठेवल्यावर सैराकान आपल्या हातांकडे बघत राहायची. छप्पन्न वर्षांची विधवा, एक गुडघा दुखरा. मॉस्कोच्या तळघरात गरम पाण्याच्या वाफेत उभी राहिलेली स्वतः तिला स्पष्ट दिसायची. तिला दुकान हवं होतं. दुसरं काहीही नको होतं.

पोलीस ठाणं जळालं होतं. म्हणून शेजारच्या बालवाडीत तात्पुरतं ठाणं बसवलं होतं. भिंतींवर ससे आणि सूर्यफुलं, खुंट्यांना चिमुकले टॉवेल. तक्रार द्यायला आलेले धष्टपुष्ट दुकानदार गुडघे हनुवटीला लावून छोट्या खुर्च्यांवर ओळीने बसले होते. एक हवालदार झोपाळ्याच्या फळीवर कागद ठेवून शिक्के मारत होता.

सैराकानला सर्वांत आतल्या खोलीत पाठवलं. तिथे गणवेशातला एक कॅप्टन वीतभर उंचीच्या टेबलामागे बसला होता. 'बेकेनोव' अशी पाटी छातीवर.

"बसा, एजे," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली.

दोघांनीही एकमेकांना ओळखलं. भिंतीवरच्या घड्याळात एक मांजर शेपटी हलवत होतं, तेवढाच काय तो आवाज. सैराकानने खाली पाहिलं. काळे, पॉलिश केलेले बूट. पिशवीतली रेकॉर्डिंगची डिस्क तिला एकदम जड झाली.

कॅप्टन बेकेनोवने तक्रारीचा कागद पुढे ओढला.

"नाव, पत्ता मी लिहिलाय. काय काय गेलं त्याची यादी आलीय. कुणाला ओळखता का?"

"एकाला."

"वर्णन सांगा."

आपण स्वप्नात बोलतोय असं तिला वाटलं, आणि स्वप्नात बोलावं तसंच ती बोलली, हळू आणि न थांबता. "पस्तिशीचा. उंच. निळा ट्रॅकसूट, पँट आखूड. डाव्या भुवईत खूण. हात थरथरत होते. चहादाणी नेली एक, कापसाच्या बोंडाची. आणि दोन पियाले."

तो लिहीत गेला. हात कुठेही अडला नाही. 'डाव्या भुवईत खूण' हेही त्याने लिहिलं, तिथली खूण सैराकानच्या समोर असताना.

"बूट?" त्याने विचारलं.

"काय?"

"बूट राहिले सांगायचे. काळे, सरकारी." त्याने तेही लिहिलं, आणि कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. "चित्रण आहे ना तुमच्याकडे? ते जोडा. इथे सही करा. चोरीचा गुन्हा होईल, वेगळा. तुमचा विमा मिळेल."

"आणि तुमचं काय होईल?"

"नोकरी जाईल. मग खटला." तो भिंतीवरच्या सशाकडे बघत बोलला. "सध्या वरच्यांनाही एक पोलीस हवाच आहे दाखवायला."

तेव्हा कुठे सैराकानला राग आला. तीन आठवडे दडून बसलेला सगळा एकदम आला.

"पोलीस ना तुम्ही? दुकानं राखायचं काम तुमचं ना? कुंपणच शेत खायला लागलं तर माणसाने जायचं कुठे? आणि शिरलात तर शिरलात, माझ्याच दुकानात? गल्लीत पंचवीस दुकानं होती, मेल्या!"

बाहेरच्या खोलीतले शिक्के थांबले. कॅप्टन बेकेनोव खालच्या आवाजात म्हणाला, "आम्ही सोळा जण होतो, एजे. ते हजार असतील. ठाणं पेटल्यावर जो तो पळाला. हा ट्रॅकसूट एका दोरीवर वाळत होता. बूट काढून पळालो असतो तर काचांवर पाय... जाऊ दे. पहाटेपर्यंत कचऱ्याच्या डब्यामागे होतो. कोपऱ्यावर माझ्यासोबतच्याला त्यांनी बुटांवरून ओळखलं. अजून हॉस्पिटलात आहे तो, त्याला एका डोळ्याने दिसत नाही."

"मग?"

"बाकीच्या दुकानांत आरडाओरडा होता, ओढाओढ होती. तुमच्याकडे रांग होती." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांकडे कुणी बघत नाही. हातात काहीतरी हवं म्हणून चहादाणी उचलली. ती पोरं दारात आली, तुम्ही त्यांच्यादेखत मला बायकोवरून बोललात, आणि ती हसून गेली. माझी आई रोज त्या चहादाणीत चहा करते. परत आणणार होतो. रिकामं भांडं कसं परत न्यायचं, म्हणून ती कणकेचे बोर्सोक तळून देणार होती. मीच नको म्हटलं. पुरावा होईल म्हटलं."

आपण त्या सकाळी केलं तो वेडेपणा, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. त्या वेडेपणाने एक माणूस जिवंत ठेवला होता, आणि तो तिच्यासमोर बालवाडीच्या खुर्चीत गुडघे मुडपून बसला होता. तिला बरं वाटलं नाही. उलट फार वाईट वाटलं, कारण आता काय करावं लागणार ते तिला कळून चुकलं.

"दुसऱ्या कुणाचं नाव लिहिता येतं का?" तिने शेवटचं विचारलं.

"चेहरा दिसतो का दुसऱ्याचा?"

"नाही."

"मग सही करा, एजे. मी काही मनात धरणार नाही. तुमचा हक्क आहे."

तिने पेन उचललं. बराच वेळ ते कागदावर धरलं. मॉस्कोचं तळघर दिसलं, वाफ दिसली. मग तिने पेन खाली ठेवलं.

"दुसरा कागद घ्या," ती म्हणाली. "लिहा. मी, सैराकान, दुकानाची मालकीण. वर्णन केलेल्या माणसाने माझ्याकडून काही चोरलं नाही. चहादाणी त्याला मी माझ्या हाताने बांधून दिली. पियाले त्याने मागितले नव्हते, मी आपण होऊन घातले. सगळ्यांनाच मी बांधून दिलं. कुणी धमकावलं नाही. मी शुद्धीवर होते."

"शुद्धीवर हे नका लिहू," तो घाईने म्हणाला. "एवढं लिहिलंत की कंपनी एक पैसा देणार नाही. निदान घाबरला होतात म्हणा."

"घाबरले होते असं लिहिलं तर कोणाला घाबरले ते विचारतील. मग माणूस शोधतील. चित्रणात माणूस तुम्हीच." तिने पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली. "लिहा. पटकन लिहा, नाहीतर माझं मन फिरेल."

त्याने लिहिलं. तिने सही केली, एका झटक्यात. आणि मग तिला रडू फुटलं. खोकी, फळ्या, कात्री, चौदा वर्षांच्या सकाळी, सगळं आठवून ती त्या सशांच्या खोलीत मोठ्याने रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. बाहेरचे दुकानदारही आपापल्या छोट्या खुर्च्यांवर खाली मान घालून बसून राहिले.

रडणं ओसरल्यावर तिने रुमालाने तोंड पुसलं आणि गुडघा धरून उठली. कॅप्टन बेकेनोवही उठला. टोपी बाजूला ठेवून तो तिच्यासमोर वाकला आणि थोरामोठ्यांकडे आशीर्वाद मागतात तसे त्याने दोन्ही तळवे उघडून पुढे धरले.

"एजे, बाता द्या."

मागितलेली बाता नाकारत नाहीत. शत्रूलाही नाकारत नाहीत. सैराकानने स्वतःचे तळवे उघडले आणि लहानपणापासून ऐकलेले शब्द आपोआप ओठांवर आले.

"तुझी वाट पांढरी असो, पोरा. तुझ्या आईला उदंड आयुष्य मिळो. दारी पाहुणा येवो, दस्तरखान पसरलेला राहो. तुझ्या घरातली भांडी..."

पुढचे शब्द तिला येत होते. हजार वेळा म्हटलेले होते. पण ते बाहेर पडेनात. ती तळवे उघडे धरून तशीच उभी राहिली, आणि तोही वाकलेलाच राहिला, वाट बघत.

"भरलेली असोत," ती शेवटी म्हणाली, आणि दोघांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.